घडीच्या सायकलची पिशवी

दहा बाय बाराच्या खोलीत सायकल ठेवायची कुठे? म्हणून आम्ही जुनी घडीची सायकल घेतली. रात्री ती दुमडून पलंगाखाली जाते.

गेल्या पावसाळ्यात दुसरी पाळी सुटल्यावर वाटेत पंक्चर झाले. दुकाने बंद. हत्यारांची पेटी होती, पण जड म्हणून घरीच. दीड तास सायकल ढकलत पोहोचलो, तेव्हा मुलगी वाट पाहत जागी होती. सकाळी तिचा परीक्षेचा पेपर होता. आमच्यामुळे तिची झोप मोडली, हे मनाला फार लागले.

रविवारी विहारातून वंदना करून आलो आणि पेटी उपडी केली. सायकल उचलून जिना चढायचा, तेव्हा लागेल तेवढेच घेतले. पॅच, सोल्युशन, काचकागद, दोन टायर लिव्हर, लहान हातपंप. ओल्या ट्यूबला पॅच चिकटत नाही, म्हणून 20 इंची जादा ट्यूब. ती बदलायला चाक काढावे लागते, म्हणून नटाला लावून पाहिलेला पाना. बिजागरीचे बोल्ट ढिले झाले तर धोका, म्हणून त्यांना बसणाऱ्या ॲलन की.

मग मुलीला घेऊन पंक्चर काढले. पहिला पॅच निघाला. सोल्युशन सुकू दिले नव्हते. दुसरा बसला.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांनी आपल्याला स्वतःच्या पायावर उभे केले. हत्यार विकत मिळते. ते चालवायला घरातच शिकावे लागते, मुलींनीही. आता पिशवी सीटखाली असते, आणि मुलगी वेळेवर झोपते.

जयभीम!