ठमी

ठमी आमच्या दोन्ही मुलांपेक्षा वयानं मोठी. गुहागरच्या घरी एका आषाढात लाकडांच्या ढिगामागून बारीक म्यांव ऐकू आलं आणि सासूबाईंनी मुठीएवढं भिजलेलं पिल्लू पदरात गुंडाळून चुलीपाशी आणलं. "पाऊस उघडेपर्यंत ठेवू," म्हणाल्या. तो पाऊस चौदा वर्षं उघडला नाही.

मासेवाल्या मावशीची हाक आमच्याआधी ठमीला ऐकू जाई. मावशी टोपली उतरवायच्या आत ही पायरीवर हजर. बांगड्याचं एक डोकं तिच्या नावाचं ठरलेलं. पिल्लं झाली तेव्हा माळ्यावरून कणगीमागं, कणगीमागून ट्रंकेआड अशी सात घरं फिरवून तिनं अखेर लेकीच्या पाळण्याखाली बिऱ्हाड मांडलं.

गेल्या वर्षी ती मोरीतल्या बादलीपाशीच बसू लागली. कितीही पाणी प्यायली तरी तहान भागेना, पाठीचे मणके हाताला लागू लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन वाढलेलं, मूत्रपिंडं थकलेली. म्हाताऱ्या मांजरांचं हे नेहमीचं दुखणं. कातडीखाली सलाइन देऊन दोन महिने निघाले.

एका पहाटे ती धाकट्याच्या गोधडीच्या टोकाशी गार पडलेली दिसली. "झोपलीय हो ती," सासूबाईंनी त्याला समजावलं. माया होती त्यात. पण दुपारी तो काही केल्या अंथरुणाला पाठ टेकेना. बाबा परसात खड्डा खणताना त्यानं पाहिलं होतं. "मी झोपलो तर मला पण पुराल?"

मग मी त्याला मांडीवर घेतलं. "ठमी झोपली नाही, मेली. तिचं हृदय थांबलं. आता तिला भूक लागत नाही, दुखत नाही. ती परत येणार नाही." पाच वर्षांच्या पोराला 'परत नाही' एकदा सांगून कळत नाही, आठवडाभर तो तेच विचारत होता, मी तेच सांगत होते. चौथ्या दिवशी मनातलं बाहेर आलं: "मी तिची शेपटी ओढली म्हणून?" नाही रे राजा, ती म्हातारी झाली होती, आजारी होती. हे त्यानं विचारलं नसतं तर मला सुचलंही नसतं.

पुरताना लेकीनं सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला. धाकट्यानं मुठीतला सुका बोंबील त्यावर ठेवला. "अरे, तिला आता भूक लागत नाही ना?" ताई म्हणाली. "माहितीय मला," म्हणाला, आणि बोंबील तिथंच राहू दिला.

पुढच्या खेपेला मावशी आली. सवयीनं बांगड्याचं डोकं बाजूला काढून ती पायरीकडे बघत राहिली. मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "ठमी नाहीये."

"गेली काय रे?"

"गेली नाही मावशी. मेली."

मावशीनं ते डोकं तसंच हातात धरलं, थोडा वेळ.