वलीवरचं झाकण

मनमाडला पाणी झाकून ठेवायला कुणाला शिकवावं लागत नाही. नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं, तेव्हा आमच्या घरचा एकही हंडा कधी उघडा राहिला नाही. शेतातलं पाणी मात्र मी उघडं टाकायला निघालो होतो, आणि वर आप्पांशी, म्हणजे चुलत्यांशी, वाद घालत होतो.

वाद कोळपणीचा. रब्बी ज्वारीत काडीभर तण नसलं तरी आप्पा बैल जुंपायचे. "तण कुठंय, आप्पा?" मी विचारायचो. "तणासाठी न्हाई रे, वलीसाठी." माती हलवली की जास्तच वाळणार, असं मला ठाम वाटायचं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून माझंच खरं! एका वर्षी हट्टानं निम्मं रान तसंच ठेवायला लावलं.

पौषात दोन्हीकडे खुरप्यानं उकरलं. न कोळपलेल्या रानात बोट जाईल अशा भेगा. वीतभर खालचं ढेकूळही कोरडं ठणठणीत. कोळपलेल्यात वरची दोन-तीन बोटं नुसता फुफाटा, पण त्याखालची माती मुठीत दाबली तर तिचा लाडू झाला.

तिथंच बांधावर बसलो. वर्गात दर वर्षी मी काचेच्या नळ्या रंगीत पाण्यात उभ्या करतो. १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३०. काच पाण्याला धरते, पाणी पाण्याला ओढतं; नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच. दबून बसलेल्या काळ्या मातीत अशाच बारीक वाटा खालून वरपर्यंत जोडलेल्या असतात. त्यांतून ओल वर येते आणि ऊन ती नेतं. कोळपं वरचा थर मोकळा करून हा जोड तोडतं. मोकळ्या मातीतल्या पोकळ्या मोठ्या, त्यांत पाणी चढत नाही. वरचा फुफाटा वाळतो, तो वाळू द्यायचाच असतो. शिवाय भेगा बुजतात, आणि काळ्या रानात भेगांतून जाणारी ओल थोडीथोडकी नसते.

केशाकर्षण मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, रानात ओळखलं नाही. तिसऱ्या आठवड्यात फटीचं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी कोळपं, ही कृषी विद्यापीठाची शिफारसही मी नंतर वाचली. आप्पांचा क्रम तोच होता.

मातीचा लाडू आणि ते कोरडं ढेकूळ घेऊन घरी गेलो, आप्पांपुढे ठेवलं. "चुकलो," म्हणालो. त्यांनी लाडू हातात घेऊन फोडला, वास घेतला.

"उरल्या रानात उद्या दातेरी घाल," म्हणाले. "भेगा तरी बुजतील."