काटा आधी, ठिगळ नंतर

आमच्या भागात पंक्चरलाही हंगाम असतो. पाऊस पडून गेला की बांधावर, रस्त्याच्या साइडपट्टीवर, शाळेच्या मैदानाच्या कडेला सराटा पसरतो. बारीक पानं, नाजूक पिवळी फुलं, जमिनीला चिकटून वाढणारा वेल. दसऱ्याच्या सुमारास तो वाळायला लागतो, फळ फुटून त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला काटे. तुकडा कसाही पडला तरी एक टोक वर राहतंच. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की माझ्या दुकानासमोर सायकली लावायला जागा पुरत नाही. मग येते डाळिंबाची छाटणी. सांगोल्याच्या माळावर डाळिंब आलं, लोकांच्या हातात चार पैसे आले, त्याचं मला समाधानच आहे; पण छाटलेल्या फांद्या ओढत नेल्या की वाटभर काटे सांडतात, आणि डाळिंबाचा काटा दाभणासारखा सरळ आत जातो. उन्हाळ्यात सरपणाला आणि कुंपणाला वेडी बाभूळ तुटते, तेव्हा तिचे काटे. आणि हायवेला हंगामच नाही. ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या बारीक पोलादी तारा बाराही महिने कडेला पडलेल्या असतात, आणि सायकलवाल्याला कडेनंच जावं लागतं.

शाळेच्या रस्त्याला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की या कामात भोक बुजवण्यापेक्षा भोक कशानं पडलं हे शोधणं मोठं आहे, आणि गिऱ्हाइकाला नेमकं तेच दिसत नाही. तो विचारतो, "किती पंक्चर निघाली?" पैसे ठिगळांवर मोजले जातात. टायरच्या आतून बोटं फिरवण्यात जो वेळ जातो त्याचे पैसे कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. त्यामुळे धंद्यात एक वाईट सोय होऊन बसली आहे: काटा टायरमध्ये राहिला, तर तीच सायकल उद्या पुन्हा पैसे घेऊन येते. मुद्दाम असं करणारे थोडे. घाईनं करणारे पुष्कळ. चालवणाऱ्याच्या दृष्टीनं दोघांत फरक नाही.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. चाचांचा नियम होता की आठ दिवसांत त्याच जागी पुन्हा हवा गेली तर पैसे घ्यायचे नाहीत. सुरुवातीला मला हा नियम तोट्याचा वाटायचा. पुढे कळलं की या एका नियमामुळे दुकानातला प्रत्येक पोरगा टायरमध्ये दोनदा हात घालायचा. मी तो नियम अजून पाळतो.

सुरुवात मात्र टायरपासूनही होत नाही, वॉलपासून होते. सकाळी एखादी मुलगी सायकल ढकलत येते, कपाळावर घाम. "काका, पंक्चर झालीय, लवकर करा की, पहिला तास बुडायलाय माझा." मी पंपानं थोडी हवा भरतो आणि वॉलच्या तोंडावर थुंकीचं बोट लावतो. बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच. आपल्या साध्या सायकलींच्या वॉलमध्ये रबराची एक बारीक नळी असते, वॉलट्यूब. ती हवा आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. उन्हानं ती कडक होते, चिरते. बदलायला एक मिनिट लागतं. ही तपासणी न करता टायर उघडणाऱ्याचा मला खरोखर राग येतो, कारण त्यानं त्या मुलीचा तास बुडवला आणि धड टायरही विनाकारण ताणला.

वॉल ठीक असेल तरच टायरला हात लावायचा. आमच्याकडच्या सायकलींचं मागचं चाक काढणं म्हणजे चेनकव्हर, स्टँड, मडगार्डच्या तारा, सगळंच सोडवणं. म्हणून आम्ही चाक जागेवर ठेवून टायरची एकच बाजू रिमबाहेर काढतो आणि ट्यूब ओढून घेतो. वॉल रिममध्येच राहतो. याचा मोठा फायदा असा की ट्यूबवर भोक सापडलं, की वॉलपासून तेवढंच अंतर मोजून टायरवरची जागा लगेच कळते. चाक काढून, ट्यूब सुटी करून काम करणारे हा दुवा हातचा घालवतात. ज्यांना ट्यूब काढावीच लागते त्यांनी आधी टायरवर वॉलसमोर खडूची खूण करावी.

मग घमेल्यातलं पाणी. ट्यूब थोडी थोडी बुडवत जायचं. बुडबुड्यांची माळ दिसली की जागा पुसायची, बॉलपेननं फुली मारायची. काही जण भोकात आगकाडी खोचून ठेवतात. मला ते पटत नाही, भोक मोठं होतं. आणि एक भोक सापडलं म्हणून पाण्यातून ट्यूब बाहेर काढायची नाही. लांब काटा ट्यूबच्या एका भिंतीतून शिरून दुसरीतही जातो. सराट्यातून गेलेल्या चाकाला तर एका फेरीत किती भोकं पडतील सांगता येत नाही.

भोक वाचायला शिकावं लागतं. बाहेरच्या बाजूला, टायरच्या पाठीखाली असेल, तर काटा, काच नाहीतर तार. आतल्या बाजूला, रिमकडे असेल, तर टायरमध्ये काहीही सापडणार नाही. रिमपट्टी सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलं आहे, ते कानशीनं घासून पट्टी नीट बसवावी लागते. शेजारी शेजारी दोन लांबट चिरा असतील, तर हवा कमी होती आणि चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं. रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिरडली. वॉलच्या बुडाशी फाटली असेल, तर तीही हवेचीच कसूर. मऊ टायर ब्रेक मारताना रिमवर सरकतो, ट्यूबला बरोबर ओढतो आणि वॉलची मान तुटते. तिथं ठिगळ बसत नाही. ट्यूब बदलावी लागते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं मिस्त्री नवी ट्यूब खपवतोय.

मी सगळ्यात जास्त वैतागतो तो बाभळीच्या काट्यावर. त्याचं बाहेरचं टोक रस्त्यावर घासून टायरच्या पातळीला येतं, रबर त्याच्याभोवती मिटतं, वरून काही दिसत नाही. आत मात्र ज्वारीच्या दाण्याहून लहान टोक शिल्लक राहतं. टायर ढिला असताना बोटाला ते लागतही नाही. टायर त्या जागी उलटा दुमडला की टोचतं. मी बोटं एकदा एका दिशेनं फिरवतो, मग उलट दिशेनं, कारण काटा तिरका शिरला असेल तर एका बाजूनं तो बोटाखाली वाकून निसटतो. सापडला की बाहेरून चिमट्यानं उपटायच्या नादी लागायचं नाही, तो तुटतो. आतून दाभणानं ढकलायचा. हायवेच्या तारेसाठी बोट उपयोगाचं नाही, तिथं कापसाचा बोळा फिरवायचा आणि धागा अडकला की थांबायचं. एवढं करूनही कधी कधी काही मिळत नाही. तेव्हा मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो की काटा सापडला नाही, रात्री हवा गेली तर सकाळी घेऊन या. काहींना ते कामातलं न्यून वाटतं.

रस्त्यात टायरमध्ये रुतलेला सराटा दिसला की लोक तो लगेच उपटतात. घर जवळ असेल तर उपटू नये. जोवर काटा भोकात आहे तोवर तोच बुचाचं काम करतो, हवा हळूहळू जाते. उपटला की फुस्स.

ठिगळ लावण्याबद्दल बोलायचं तर त्यात हातापेक्षा थांबण्याचा भाग जास्त. ट्यूबवर साच्याची एक उभी रेघ असते; ती पॉलिश पेपरनं सपाट केली नाही तर ठिगळाखालून त्याच रेघेनं हवा वाट काढते. रबराची चकाकी जाऊन ते काळंमिट्ट दिसेपर्यंत घासायचं. मग सोल्युशनचा पातळ हात, ठिगळापेक्षा चहूबाजूंनी थोडा मोठा. आणि मग काहीच करायचं नाही. सोल्युशनमधला द्रव उडून जायला हवा. तो ठिगळाखाली कोंडला तर फुगे धरतात आणि ठिगळ सरकतं. बोटाला चिकटत नाही पण ओढ जाणवते, अशी वेळ साधायची. याच वेळी एखादे आजोबा कडब्याची पेंडी कॅरिअरवर बांधलेली सायकल धरून म्हणतात, "आरं लाव की आता, किती वाळवतुयास!" त्यांना काय सांगणार? चहा पाजतो. पाच मिनिटं निघतात. मग ठिगळ मधून कडेकडे दाबत न्यायचं, लाकडावर धरून हातोडीनं ठोकायचं आणि कडेला सांडलेल्या सोल्युशनवर खडूची भुकटी लावायची, म्हणजे ट्यूब टायरला आतून चिकटत नाही.

या वाळवण्यावरून एक गोष्ट मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगतो. हवेच्या टायरचं पेटंट 1888 साली जॉन बॉइड डनलॉप यांनी घेतलं. ते बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर, आणि तो टायर त्यांनी आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी बनवला होता. चालायला सुख झालं, पण तो टायर रिमला चिकटवलेला असायचा. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला मिशलँ बंधूंच्या रबराच्या कारखान्यात एकानं असा पंक्चर झालेला टायर आणला, तेव्हा तो सोडवून दुरुस्त करायला काही तास गेले आणि वर सोल्युशन वाळायला अख्खी रात्र. त्यातून त्यांनी 1891 साली सुटा निघणारा टायर काढला. त्याच वर्षी शार्ल तेराँ हा सायकलपटू त्या टायरवर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत 72 तासांच्या आत जिंकला. पुढच्या वर्षी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यतीच्या वाटेवर मिशलँकडून चक्क खिळे टाकले गेले, टायर पंक्चर झाला तरी किती लवकर दुरुस्त होतो हे दाखवायला! आज मी जो टायर दोन पान्यांनी उचकटतो, तो असा निघावा म्हणून कुणीतरी डोकं लावलं आहे. आजोबांची पाच मिनिटं त्या रात्रीपुढं फार नाहीत.

टायर परत बसवताना मात्र खरी कसोटी. सगळा बसतो आणि शेवटची वीतभर कड रिमवर चढत नाही. अशा वेळी पाना घातला की तो ट्यूबला चिमटतो, आणि आताच बुजवलेल्या भोकाशेजारी दुसरं तयार. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. टायरची कड सगळीकडून त्या खोलगटात ढकलली की तेवढी ढील मिळते. वॉलजवळ ती खोलगटात उतरत नाही, म्हणून सुरुवात वॉलच्या समोरच्या बाजूनं आणि शेवट वॉलपाशी. ट्यूबमध्ये आधी चिमूटभर हवा भरायची, म्हणजे ती वळत नाही. अंगठ्यांनी जे होतं त्याला पाना लावू नये.

आषाढीच्या आधी मिरजेकडून पंढरपूरला सायकलवर वारी करणारे लोक या रस्त्यानं जातात. त्यांच्या सायकली हलक्या, टायर बोटभर रुंद, वॉल लांब आणि पेन्सिलीहून बारीक, आणि हवा शंभर पाउंडांच्या आसपास. माझ्या पंपाला त्यासाठी वेगळं तोंड लावून ठेवलं आहे. त्यांच्या पिशवीत सोल्युशन न लागणारी चिकटपट्टीची ठिगळं असतात. घरी पोचेपर्यंत ती चालत असतील, पण आमच्याकडे पारा 40 च्या वर गेला आणि आत एवढी हवा असली, की कडा सुटतात. मी ती काढून खरं ठिगळ लावून देतो. बरेच जण पंक्चर झालेली ट्यूब फेकून नवी घालतात. एका भोकासाठी धड ट्यूब टाकणं मला सहन होत नाही. ज्या ट्यूबला खरोखर उपाय नाही तिचीसुद्धा कॅरिअरची पट्टी होते, नाहीतर ठिगळांचं रबर.

दर आठवड्याला हवा भरली तर निम्मी तरी पंक्चर होणारच नाहीत, असं माझं ठाम मत आहे. काटा टाळता येत नाही, पण खड्ड्यातल्या चिरा आणि तुटलेले वॉल टाळता येतात. म्हणून शाळेच्या सायकल स्टँडवर पंप हवा, अशी मी मुख्याध्यापकांकडे मागणी केली होती. तो आता बसला आहे, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या काही मुली शिकायला येतात. घमेलं शाळेचंच आहे. मी त्यांना आधी थुंकीनं वॉल तपासायला लावतो, मग डोळे मिटून टायरमध्ये बोटं फिरवायला. मी आत कुठंतरी सराट्याचा तुकडा खोचून ठेवलेला असतो. तो ज्यांना सापडतो त्यांनाच सोल्युशन मिळतं.