मोजलेले दिवस

आमच्या वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांची पेटी उघडली, तेव्हा तीत रोजनिशीच्या वह्यांचा एक गठ्ठा निघाला. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि मास्तरांस शोभतील अशाच त्या वह्या होत्या. पाऊस पडला किंवा नाही, वर्गात किती मुले गैरहजर, वाण्याचे किती देणे फिटले, इतकाच मजकूर. परंतु प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारखेशेजारी एक मोठा आकडा असे. तो त्यांच्या आयुष्यातील त्या दिवसाचा क्रमांक. लहानपणी आम्ही भावंडे ह्या खटाटोपास हसत असू. रात्री निजण्यापूर्वी ते दुसऱ्या दिवसाचे पान काढून त्यावर पुढचा आकडा घालून ठेवीत. शेवटचा आकडा २९,४१२ आहे. त्याखाली मजकूर नाही. त्याच पहाटे ते गेले.

ही कल्पना मूळची त्यांची नव्हती. स्तोत्रसंहितेतील नव्वदावे स्तोत्र मोशेच्या नावावर आहे. त्या संग्रहात त्याच्या नावाचे तेवढे एकच. माणसाचे आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षांचे, असा हिशेब त्यात मांडला आहे आणि देवापाशी मागणे केले आहे ते दिवस मोजावयास शिकव म्हणून. दफनविधीच्या वेळी हे स्तोत्र वाचले जाते. आम्ही ते पुष्कळदा ऐकले. पण स्मशानात ऐकलेले घरी पोचेपर्यंत टिकते थोडेच! सत्तर वर्षांचे दिवस साधारण २५,५६७ होतात. आम्ही कागद घेऊन स्वतःचा आकडा काढला, तेव्हा शिल्लक फारशी उरलेली दिसली नाही.

त्या दिवसांत शेजारीपाजारी भेटावयास येत. संसार नश्वर आहे, शोक कशास करावा, असे बहुतेकांनी समजाविले. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका नव्हती. समाधान मात्र होईना. जे खोटेच होते त्यासाठी रडू नका, असा त्या समजुतीचा अर्थ आमच्या मनाने लावला, आणि वडील काही खोटे नव्हते! शेवटी आम्ही उपदेशकाचे पुस्तक काढून बसलो. मराठी बायबलात तेथे ‘व्यर्थ’ हा शब्द पुनःपुन्हा येतो आणि वाचणाराचे मन खचवितो. मूळ इब्री शब्द आहे ‘हेबेल’. त्याचा साधा अर्थ श्वास, वाफ. थंडीच्या दिवसांत सकाळी तोंडातून निघते ती वाफ. ती खोटी नसते. डोळ्यांस दिसते, तळहातास तिची ऊब लागते. मूठ मिटून मात्र ती धरता येत नाही. हाच उपदेशक अन्नपाणी, कष्ट आणि पत्नीचा सहवास ह्यांचा आनंदाने उपभोग घ्यावा असेही सांगतो. ही विसंगती तरुणपणी आम्हांस फार खटकत असे. ‘व्यर्थ’ ऐवजी ‘वाफ’ असे वाचू लागलो आणि ती खटकेनाशी झाली.

योहानाच्या शुभवर्तमानात बेथानीच्या लाजराची कथा आहे. येशू त्याच्या कबरेकडे निघाला असता रडला. थोड्याच वेळात तो लाजराला उठविणार होता आणि हे त्याला ठाऊक होते, तरीही रडला. पुनरुत्थानावर श्रद्धा असणाराने अश्रू ढाळू नयेत, असे सांगणारे उपदेशक आम्हांस पुष्कळ भेटले आहेत (हे उपदेशक निराळे!). त्यांनी हा अध्याय कसा वाचला असेल, ह्याचे आम्हांस कुतूहल आहे.

पेटीत पंडिता रमाबाईंचे मराठी बायबलही होते. ह्या बाईंइतकी आयुष्याची वाफ कोणी पाहिली असेल? दुष्काळाच्या भ्रमंतीत आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. पुढच्याच वर्षी इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो निराधार स्त्रियांचा आणि मुलींचा सांभाळ करीत असतानाच उतारवयात त्या इब्री व ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबलाचे भाषांतर करावयास बसल्या. संस्कृतावर एवढा अधिकार असूनही खेड्यातल्या बाईस कळावे म्हणून भाषा त्यांनी मुद्दाम साधी ठेवली. १९२१ च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमा गेली. म्हातारी आई पुन्हा आपल्या कागदांकडे वळली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या; पूर्ण छापलेले पुस्तक १९२४ साली बाहेर आले. ते त्यांनी पाहिले नाही. त्या भाषांतरावर विद्वानांनी काय टीका करावयाची ती करावी; आमच्या वडिलांच्या प्रतीची पाने हाताळून मऊ पडली आहेत.

‘हेबेल’ ह्या शब्दाची आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हांस झोंबली. आदामाच्या धाकट्या मुलाचे, हाबेलाचे, नाव इब्रीत हेच. बायबलातील पहिला मृत्यू भावाच्या हातून झालेल्या भावाचा, आणि त्याचे नाव ‘वाफ’! आमचे थोरले बंधू राहुरीस असतात. वडिलोपार्जित घराच्या परसावरून आमचे बिनसले, त्यास सात वर्षे झाली होती. वडिलांच्या दफनास दोघेही कबरेच्या दोन बाजूंस उभे होतो. सात वर्षांचे दिवस अडीच हजारांहून अधिक भरतात. वडिलांच्या वहीत त्यांतला एकेक दिवस क्रमांकासह नोंदलेला होता. त्यांनी आम्हां दोघांस कधी एका शब्दाने विचारले नाही.

आम्ही एस.टी.ने राहुरीस गेलो. दार दादांनीच उघडले. त्यांना आता एका कानाने कमी ऐकू येते, म्हणून वाटेत जुळविलेली वाक्ये आम्हांस मोठ्याने, ओट्यावरच, शेजारी ऐकत असता बोलावी लागली. दादांनी ती अर्ध्यावर तोडली.

“आज तुझा कितवा?”

आम्ही आकडा सांगितला. दादांनी क्षणाचाही विचार न करता आपला सांगितला. वहिनींनी चहा आणला. परसाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. तो अजून मिटावयाचा आहे.