आधी कर्ज शिकवा, मग गुंतवणूक

शाळेत पैशाचं शिक्षण मिळतच नाही, अशी तक्रार पालकसभांमध्ये नेहमी ऐकू येते. ती पूर्ण खरी नाही. राज्य मंडळाची गणिताची पुस्तकं चाळून पाहा. सहावीला नफा-तोटा आहे, सातवीला बँक व सरळव्याज, आठवीला चक्रवाढ व्याज. नववीला आणि दहावीला तर ‘अर्थनियोजन’ नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड यांवरची उदाहरणं सोडवूनच मूल दहावीच्या परीक्षेला बसतं.

अडचण वेगळीच आहे. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली आणि निवृत्तीनंतर मी तालुक्यातल्या शाळांमध्ये आठवी ते दहावीचे तास घेतो. दोन्हीकडचा अनुभव एकच सांगतो : यातल्या बहुतेक मुलांची पहिली गाठ शेअरशी पडत नाही, कर्जाशी पडते. मोबाइलचा हप्ता, मग दुचाकीचा, कॉलेजची फी, बहिणीचं लग्न. म्हणून कर्ज आधी शिकवायला हवं, गुंतवणूक त्यानंतर.

पहिल्या तासाला मी फळ्यावर दोन ओळी लिहितो. बँकेचं कर्ज १२ टक्क्यांनी, गावातल्या माणसाकडचं ३ टक्क्यांनी. स्वस्त कोणतं? बहुतेक वर्ग ‘तीन टक्के’ म्हणून मोकळा होतो. मग एखादी मुलगी चाचरत विचारते, “सर, पण गावातलं व्याज महिन्याचं असतं ना?” तास खरा तिथून सुरू होतो. महिन्याला शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के, बँकेच्या तिप्पट. पुस्तकातल्या उदाहरणांत दर नेहमी द.सा.द.शे. दिलेला असतो. व्यवहारात मात्र तो सालाचा की महिन्याचा, हे आपणच विचारावं लागतं. दर ऐकला की ‘कशाचा?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसेपर्यंत मी पुढे जात नाही.

दुसरा तास हप्त्याचा. १२,००० रुपयांचा मोबाइल, वर्षभराची मुदत, व्याज ‘फ्लॅट’ १२ टक्के. व्याज झालं १,४४० रुपये, एकूण फेड १३,४४० आणि महिन्याचा हप्ता १,१२०. इथवरचं गणित मुलं पटकन करतात. मग मी विचारतो, “हे १२,००० रुपये वर्षभर तुमच्याकडे होते का?” मुलं वहीत बारा महिन्यांचा तक्ता मांडतात. पहिल्या महिन्यात देणं १२,०००, दुसऱ्यात ११,०००, असं करत शेवटच्या महिन्यात १,०००. सरासरी निघते ६,५००. म्हणजे वर्षभर सरासरी ६,५०० रुपये वापरले आणि त्यांवर १,४४० रुपये व्याज भरलं. दर झाला सुमारे २२ टक्के! सरासरी आणि शेकडेवारी एवढ्या भांडवलावर आठवीचं मूल दुकानातल्या जाहिरातीमागचा खरा दर काढू शकतं. तिथे प्रोसेसिंग फी वेगळी लावली असेल, तर हाच दर आणखी चढतो.

चक्रवाढ व्याजही दोन्ही बाजूंनी दाखवावं. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण कळतात. ७.२ टक्क्यांच्या ठेवीला दहा वर्षं लागतात. ३६ टक्क्यांचं कर्ज व्याज न भरता तसंच साठू दिलं, तर ते दोन वर्षांतच दुप्पट होतं. हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहिले, की बचत आधी करावी की कर्ज आधी फेडावं, याचं उत्तर मुलं स्वतःच देतात.

शिकवताना एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो : मुलांना घरचे आकडे कधीही विचारत नाही. वडिलांचा पगार, घरावरचं कर्ज, आईची भिशी या गोष्टी चारचौघांत सांगायला लावल्या, तर गरीब घरचं मूल कायमचं गप्प होतं. त्यासाठी मी एक काल्पनिक कुटुंब तयार केलं आहे. त्याचं उत्पन्न, किराणा, दवाखाना, सणवार सगळं फळ्यावर असतं आणि मुलं त्यावर मोकळेपणी वाद घालतात.

फोनमधल्या पैशाचाही तास हवाच, कारण अनेक घरांत आजी-आजोबांचा मोबाइल नातवंडंच चालवतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, हे एक वाक्य मी वर्गाकडून पाठ करून घेतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करायचा, हे दुसरं. ठेवींबद्दलही एक गोष्ट दहावीपर्यंत कळायलाच हवी. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्थांच्या महाराष्ट्रात हा फरक कित्येक मोठ्या माणसांना पैसे अडकल्यावर कळला आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरच्या मुलांना, बँकेने घातलेल्या मर्यादेत, बचत खातं स्वतः चालवता येतं. तेव्हा पालकांना माझी विनंती आहे. या दिवाळीत मुलांच्या हातात पडलेली ओवाळणी घेऊन त्यांना बँकेत न्या आणि पैसे भरायची स्लिप त्यांनाच लिहू द्या. गणिताच्या शिक्षकांना सांगणं एवढंच, की व्याजाचं प्रकरण शिकवाल त्या दिवशी एखाद्या कर्जाच्या जाहिरातीचा कागद वर्गात न्या आणि त्यातला खरा दर मुलांकडून काढून घ्या. त्यासाठी वेगळा विषय नको, वेगळं पुस्तक नको. आठवी शिकलेल्या मुलाला व्याजाच्या हिशोबात कोणी फसवू शकणार नाही, एवढी हमी शाळेने द्यायलाच हवी.