‘पोटोमॅक’ नौकेचें दुसरें धुराडें

परदेशांतून परत आलेल्या माणसानें प्रवासवर्णन लिहूं नये. तेथील उंच इमारती, रुंद रस्ते आणि टापटीप यांचीं वर्णनें वाचून वाचक कंटाळले आहेत, असें आमच्या एका स्नेह्यांनीं मला निघतांनाच बजावलें होतें. तें मला पटलेंहि होतें. तरीसुद्धां आज हे चार शब्द लिहावयास बसलों आहें, ते एका अशा नौकेविषयीं कीं जिच्यावर मीं जेमतेम दीड तास घालविला. परंतु त्या दीड तासामुळें पुण्यास आमच्या घरांत एक फेरफार झाला. तो कोणता, हें ओघानें पुढें येईलच.

गेल्या उन्हाळ्यांत मी कन्येकडे कॅलिफोर्नियांत होतों. सॅन फ्रान्सिस्कोहून खाडीपलीकडच्या ओकलंड शहरीं उतारूंची बोट जाते. एका रविवारीं जांवयांनीं मला तिच्यांतून नेलें. दाभोळ-धरमतरच्या खाड्या पाहिलेल्या माणसाला त्या खाडीच्या विस्ताराचें नवल वाटेल असें नाहीं. पण ऐन उन्हाळ्यांत कान झांकून घ्यावयास लावणारा तेथील गार वारा मात्र विसरणार नाहीं. बोट एका प्रचंड पुलाखालून जाते. हा पूल १९३६ सालीं वाहतुकीस खुला झाला. पुढें ओकलंड बंदरांतील अवाढव्य याऱ्या दिसूं लागतात, आणि मग एका अरुंद जलमार्गांत शिरून बोट जॅक लंडन या कादंबरीकाराचें नांव दिलेल्या चौकाच्या धक्क्याला लागते.

धक्क्याच्या दोहों बाजूंस खाजगी नौकांची दाटी होती. शुभ्र रंगाच्या, चकचकीत पितळी कठड्यांच्या त्या नौका पाहून मीं सहज विचारलें, “ह्यांच्या आंत असतें तरी काय?” जांवई हंसून म्हणाले, “मालक म्हणेल तें! नवी नौका बांधावयास दिली म्हणजे धनिक लोक कारागिरांबरोबर महिनेच्या महिने बसून आपल्या हौसेच्या सोयींची यादी करतात. कोणाला पोहण्याचा हौद हवा, कोणाला चित्रपटगृह हवें, कोणाला विमान उतरावयास जागा हवी.”

“पण ज्यावांचून मालकाचें खरोखर अडेल, असें त्या यादींत काय असतें?” मीं विचारलें.

जांवई क्षणभर थांबले आणि म्हणाले, “चला, बाबा, तशी एक नौका येथेंच आहे.”

ती नौका म्हणजे ‘पोटोमॅक’. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची ही जलक्रीडेची नौका. लांबी १६५ फूट. आसपासच्या कांहीं नव्या नौकांपुढें तिचा डौल फिकाच म्हणावयाचा. १९३४ सालीं विस्कॉन्सिन राज्यांतील मॅनिटोवॉक येथें ती बांधली गेली, ती तटरक्षक दलाची गस्तीची नौका म्हणून, आणि तेव्हां तिचें नांव होतें ‘इलेक्ट्रा’. वर्षभर वापरून होतें न होतें तोंच ती आरमाराकडे देण्यांत आली, अध्यक्षांच्या सोयीप्रमाणें तिच्यांत फेरफार झाले, आणि १९३६ च्या मार्चमध्यें ‘पोटोमॅक’ हें नांव घेऊन ती त्यांच्या सेवेस रुजू झाली.

नौका दाखविण्यासाठीं एक वृद्ध स्वयंसेवक होते. त्यांनीं आम्हांस धक्क्यावरच उभें करून विचारलें, “हिला धुराडीं किती?” मीं मोजून सांगितलें, “दोन.” “आणि खरीं किती?” ह्या प्रश्नाचा अर्थ मला कळेना. नौका चालते दोन डिझेल यंत्रांवर. त्यांचा धूर बाहेर टाकावयास एक धुराडें पुरेसें आहे. मग हें दुसरें कशासाठीं?

वर गेल्यावर त्यांनीं तें उघड करून दाखविलें. दुसरें धुराडें पोकळ आहे. त्याच्या पोटांत एक माणूस मावेल एवढा पाळणा आहे, आणि त्याला कप्प्यांवरून फिरणारे दोर आहेत. खालच्या दिवाणखान्यांतून वरच्या डेकवर अध्यक्ष ह्या पाळण्यांतून येत, आणि दोर ओढीत ते स्वतःच्या हातांनीं!

वाचकांपैकीं बहुतेकांना ठाऊक असेल कीं, रूझवेल्ट यांना १९२१ सालीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, पोलिओचा विकार झाला, असें निदान त्या वेळीं झालें. त्यानंतर त्यांचे दोन्ही पाय कायमचे लुळे झाले. पायांना पोलादी पट्ट्या बांधून आणि कोणाचा तरी दंड धरून ते उभे राहत. चार पावलें टाकणें हीहि त्यांना मोठी मजल होती. परंतु व्यायामानें त्यांनीं आपले खांदे आणि हात मल्लासारखे कमाविले होते. ज्यानें हा पाळणा योजला त्यानें त्यांच्या लुळ्या पायांचा विचार केला हें तर खरेंच; पण त्याहून अधिक विचार त्यांच्या बळकट हातांचा केला.

विजेवर चालणारी सोय कां केली नाहीं, असें मीं विचारलें. त्याचें उत्तर त्या वृद्धांनीं मोठें मार्मिक दिलें. रूझवेल्ट यांना आगीचें फार भय वाटे. पळतां न येणाऱ्या माणसाचें तें भय कसलें असतें, हें पळतां येणाऱ्यानें कल्पनेनेंच जाणावें. त्यांची आधीची नौका ‘सेक्वोया’ ही लांकडी होती. ती सोडून पोलादी ‘पोटोमॅक’ घेण्याचें एक कारण हेंच. विजेचा प्रवाह बंद पडला तर विजेचा पाळणा मध्येंच अडकावयाचा. दोर मात्र हातांत असतो. अर्थात् उचलून नेणारीं माणसें अध्यक्षांजवळ होतींच, आणि प्रसंगीं ते उचलून घेतहि. पण आपण वर केव्हां जावें हें त्या नौकेवर त्यांना कोणास विचारावें लागत नसे.

बाकी नौकेंत ऐषआराम असा दिसत नाहीं. निजण्याची खोली साधी आणि लहान. मागच्या टोंकाला डेकवर गोलाकार बैठक आहे. तेथें गाद्यांवर बसून अध्यक्ष मित्रांशीं गप्पागोष्टी करीत, मासे धरीत, टपालाच्या तिकिटांचा संग्रह लावीत. १९३९ च्या जूनमध्यें इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि त्यांची राणी यांना ह्याच नौकेंतून वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन येथील घरीं नेण्यांत आलें.

आपल्याशीं ह्या नौकेचा थोडासा संबंध आहे तो असा. १९४१ च्या ऑगस्टमध्यें मासेमारीला जातों असें सांगून रूझवेल्ट ‘पोटोमॅक’वर चढले, आणि समुद्रांत गुपचूप ‘ऑगस्टा’ ह्या युद्धनौकेवर जाऊन न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्याला चर्चिल यांना भेटले. लोकांच्या डोळ्यांत धूळ टाकण्यासाठीं ‘पोटोमॅक’ मात्र केप कॉडच्या कालव्यांतून संथपणें चालत राहिली. तिच्या डेकवर अध्यक्षांसारखा पोषाख केलेला तोतया बसविला होता. त्या भेटींतून अटलांटिक सनद निघाली. आपणांवर राज्य कोणत्या पद्धतीचें असावें हें ठरविण्याचा सर्व लोकांचा हक्क तिच्या तिसऱ्या कलमांत मान्य केला आहे. पुढच्याच महिन्यांत चर्चिलसाहेबांनीं पार्लमेंटांत हिंदुस्थानाला त्या कलमांतून वगळलें, आणि आपल्या देशांत जो संताप उसळला तो जुन्या मंडळींकडून आपण ऐकलाच आहे.

रूझवेल्ट १९४५ सालीं वारले. पुढें नौकेचे दिवस फिरले. ती हातोहात विकली गेली. १९६४ सालीं गायक एल्व्हिस प्रेस्ली यानें ५५,००० डॉलरांस घेऊन ती मेम्फिस येथील सेंट ज्यूड बालरुग्णालयाला देऊन टाकली. १९८० सालीं मादक पदार्थांच्या चोरट्या व्यापाराच्या प्रकरणांत जकात खात्यानें ती जप्त केली, आणि त्याच खाडींत, ट्रेझर आयलंड बेटाजवळ बांधून ठेवलेली असतां ती बुडाली. दोन आठवड्यांनीं तिला वर काढल्यावर ओकलंडच्या बंदर-मंडळानें अवघ्या १५,००० डॉलरांस ती घेतली. बारा वर्षें खपून ती पूर्ववत् करण्यांत आली, आणि १९९५ पासून लोकांना पाहावयास मिळूं लागली.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला टोंचत राहिली. हा पाळणा धुराड्याच्या सोंगाखालीं कां लपविला? त्या काळीं अध्यक्षांचें चाकांच्या खुर्चींतलें छायाचित्र वृत्तपत्रवाले सहसा छापीत नसत. पायांनीं पंगु असलेला पुरुष राष्ट्राचें सुकाणू धरूं शकेल, यावर लोकांचा विश्वास बसणार नाहीं अशी धास्ती होती. मला वाटलें, ही लाज त्या लुळ्या पायांची नव्हे, पाहणाऱ्या डोळ्यांची आहे. आणि हा विचार मनांत येतांच मला आमचे दादा आठवले.

दादा म्हणजे माझे वडील बंधु. आमच्या पुण्याच्या वाड्यांत अद्याप तीन बिऱ्हाडें एकत्र नांदतात. देवपूजेचा मान दादांचा. चाळीस वर्षें ती त्यांनीं एक दिवस चुकविली नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्यांना अर्धांगवायु झाला आणि डावें अंग गेलें. त्यांची खोली ओसरीलगत; तेथून देवघरापर्यंत दोन उंबरठे, दोन्ही वीतभर उंचीचे. मुलें भक्तिभावानें त्यांना रोज खुर्चीसकट उचलून नेत. महिनाभरानें एके सकाळीं दादा म्हणाले, “आजपासून पूजा धाकट्यानें करावी.” त्यांची उमेद खचली, वयच झालें, असें आम्हीं आपसांत म्हटलें आणि पूजा मीं पत्करली. त्या धुराड्यापाशीं उभा असतां मला प्रथमच कळलें कीं, दादांना पूजेचा कंटाळा आला नव्हता. पोरांच्या खांद्यांवरून देवापुढें जाणें त्यांना सोसत नव्हतें, आणि तें बोलून दाखविणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें.

घरीं परतल्यावर कन्येनें ग्रंथालयांतून रूझवेल्ट यांच्याविषयीं दोन पुस्तकें आणून दिलीं. हडसन नदीच्या कांठीं हाइड पार्क येथें त्यांचें वडिलोपार्जित घर आहे. तेथेंहि सामानाच्या पेट्या चढविण्याचा एक जुना पाळणा होता, आणि त्यांतूनच ते दोर ओढून वरच्या मजल्यावर जात. त्यांची खुर्चीहि रुग्णालयांतली नव्हे. स्वयंपाकघरांतल्या साध्या, बिनहातांच्या खुर्चीला चाकें लावून ती केलेली होती, म्हणजे अरुंद दारांतूनहि ती जाई. पुढें १९३८ सालीं जवळच्या टेकडीवर त्यांनीं स्वतःच्या कल्पनेप्रमाणें एक लहान घर बांधावयास घेतलें. त्या घराच्या दारांना उंबरठे नाहींत!

हें वाक्य मीं दोनदां वाचलें आणि त्याच रात्रीं पुतण्याला पत्र लिहिलें. वाड्याची दुरुस्ती काढावयाची ठरलीच होती. नक्षीदार खिडक्या, नवी फरशी, गच्चीवर सौरबंब अशी यादी तयार होती. मीं कळविलें कीं, ती सर्व मागें ठेव. आधीं ओसरीपासून देवघरापर्यंतचे दोन उंबरठे जमिनीच्या पातळीला आण आणि दोहों बाजूंच्या भिंतींना हात धरावयास गुळगुळीत सागवानी कठडा बसव. एक बाजू पुरणार नाहीं. दादांचा उजवा हातच चालतो, तेव्हां जातांना एक भिंत लागेल आणि येतांना दुसरी.

उलट टपालीं वहिनींचें पत्र आलें. अक्षर ठळक होतें, म्हणजे त्या रागावल्या होत्या. उंबरठा म्हणजे घराची मर्यादा. त्यावर हळदकुंकू वाहून त्यांनीं ह्या घरांत पाऊल टाकलें. पन्नास वर्षें रोज त्यावर रांगोळी काढली. तो खणून काढावयाचा, तोहि कोणा अमेरिकन अध्यक्षाच्या पुस्तकावरून? त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. मीं पुन्हां लिहिलें कीं, उंबरठा काढावयाचा नाहीं, बसवावयाचा आहे. लांकूड तेंच ठेवावें, फक्त तें जमिनींत उतरवून वरून पितळी पट्टी मारावी, आणि हळदकुंकू तेथेंच वाहावें. शेवटीं एवढेंच विचारलें, “दादांनीं पूजा कां सोडली असें तुम्हांला वाटतें?”

त्यावर तीन आठवडे उत्तर नाहीं. नंतर पुतण्याचें पत्र आलें. सुतारानें दोन्ही उंबरठे उतरविले होते, आणि रांगोळी कोठें काढावयाची तें वहिनींनीं स्वतः उभें राहून सांगितलें होतें. दादांना कोणी कांहीं सुचविलें नव्हतें. चौथ्या दिवशीं पहाटे ओसरीवर चाकांचा आवाज आला. मुलें धांवत उठलीं. पण वहिनींनीं हातानें खूण करून सर्वांना जागच्या जागीं थांबविलें. उजव्या हातानें कठडा ओढीत आणि उजव्या पायानें रेटीत दादा देवघरापर्यंत गेले. पाव तास लागला. पूजा करून बाहेर आल्यावर त्यांनीं पहिला प्रश्न केला तो असा, “सहाण इतके महिने कोणी धुतली नाहीं काय?”

ती सहाण माझ्याच अखत्यारींतली होती, हें येथें कबूल करतों.