मामांची छत्री

पुण्यात येरवड्याला पूना गोल्फ क्लबवर सगळे त्यांना मामा म्हणत. १८८५ साली स्थापन झालेल्या त्या क्लबात ते पोरसवदा वयापासून कॅडीचं काम करत होते. माझ्या गोल्फमध्ये जे काही बरं आहे, ते त्यांचं देणं आहे.

माझा स्विंग फार आडवा होता. लहानपणापासून क्रिकेट खेळलेले हात, पुलचा फटका अंगात मुरलेला. हातातला क्लब खांद्याच्या वर चढायच्या ऐवजी कमरेभोवती फिरे. खाली येताना इतका आतून येई, की चेंडू एक तर डावीकडे हूक व्हायचा, नाही तर मनगटं वेळेवर वळली नाहीत की सरळ उजवीकडच्या झाडीत जायचा. उंच गवतात तर क्लब चेंडूपर्यंत पोचायच्या आतच अडकायचा.

गोल्फपटू बेन होगन यांचं १९५७चं ‘फाइव्ह लेसन्स’ मी भक्तिभावानं वाचलं होतं. त्यातलं अँथनी रॅव्हिएली यांचं चित्र गोल्फ खेळणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असतं: चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरकी टेकवलेली काच, तिच्यातून बाहेर आलेलं डोकं, आणि काचेखाली राहणारे हात. काचेखाली राहायचं म्हणताना हात किती खाली जावेत, याला मात्र मर्यादा असते. शिवाय त्या काचेचा उतार प्रत्येकाचा वेगळा. तो उंचीवर आणि माणूस चेंडूपासून किती लांब उभा राहतो यावर ठरतो. होगन मध्यम उंचीचे, मी चांगला उंच.

मामांनी ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं. त्यांनी माझं सात नंबरचं आयर्न उलटं धरलं आणि तळावर अंगठा फिरवला.

“साहेब, टाचेकडंच घासलंय बघा. पुढचं टोक जमिनीला लागतच नाही. तुम्ही लांब उभं राहताय, म्हणून हात खाली जातात.”

त्यांनी मला चेंडूच्या जवळ आणलं, पाठ थोडी सरळ करायला लावली. मग स्वतःची काळी छत्री उघडून माझ्या मागे, उजव्या अंगाला जमिनीवर ठेवली. “सावकाश न्या. कापडाला लागलं की थांबा.” क्लब कमरेपर्यंत येतो न येतो तोच छत्रीला लागला. डोळ्यांना न दिसणारा दोष असा अंगाला कळला. डावा हात जमिनीला समांतर आला की ते मला तिथंच थांबवत आणि ग्रिपचं टोक कुठं बघतंय ते दाखवत. ते चेंडूच्या रेषेकडं रोखलेलं हवं, माझं त्याच्या बरंच पलीकडं जाई. “आणखी वर. तुम्हाला वाटतंय त्याच्या दुप्पट वर.” मला वाटे, मी लाकडं फोडायला उभा आहे. ते म्हणत, “तसंच वाटू द्या, तेव्हा कुठं बरोबर होतंय.”

याच सल्ल्यानं चेंडू सरळ जाऊ लागला. एकदम नव्हे, पावसाळा सरून हिरवळ पिवळी पडेपर्यंत मामा मागे उभे राहात, आणि हात खाली उतरले की नुसते खाकरत.

बॅग वाहण्याचे पैसे मी देत होतो. हे शिकवणं त्या हिशेबात कुठंच नव्हतं, आणि जादा पैसे पुढे केले की मामा हात मागे घेत. कॅडींच्या नजरेत साठलेल्या या ज्ञानाची आपल्या गोल्फनं पुरेशी कदर केली नाही, असं मला ठामपणे वाटतं. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. तरीही क्लबांच्या भिंतींवरच्या पाट्यांत नावं असतात ती कप्तानांची आणि विजेत्यांची.

गुडघ्यांनी साथ सोडल्यावर मामांनी काम थांबवलं. त्यांच्या घरी गेलो, की चहा येईपर्यंत ते क्लबाची खुशाली विचारतात आणि मग म्हणतात, “उभे राहा बरं.” दारासमोरच्या बोळात काठी हातात घेऊन मी बॅकस्विंग दाखवतो. मागच्या खेपेला शेजारचा मुलगा बघत उभा होता. मामांनी काठी माझ्याकडून घेऊन त्याच्या हातात दिली आणि त्याचे पाय चेंडूच्या जागेपासून किती लांब आहेत, ते मला मोजायला सांगितलं.